गोरोबाकाकांचे हात



आजच्या चिंतनाला भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातला 29वा श्लोक घेतलाय. भगवंत अर्जुनाला सांगतात की मी सगळ्या जिवांच्या ठिकाणी सारखाच आहे, मला कोणी नावडतं नाही आणि कोणी लाडकं नाही. आणि लगेच पुढच्या अर्ध्या श्लोकात सांगतात की जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात असतात आणि मीही त्यांच्यात असतो.

अर्धा श्लोक न्यायाचा, अर्धा दयेचा. वाचताना मन अडखळतं. सगळे सारखे असतील तर भक्त जास्त जवळचे कसे? आणि भक्त जवळचे असतील तर सगळे सारखे कसे? आपण इंजिनिअर मंडळी तर असं वाक्य दिसलं की लगेच म्हणतो, या दोन अटी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत.

मला याचं उत्तर आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका कुंभाराच्या आयुष्यात सापडतं. तेरचे संत गोरा कुंभार, म्हणजे आपले गोरोबाकाका. मुलगा चिखलात तुडवला गेला, एवढी गोष्ट तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल. पण त्यापुढची गोष्ट आपण फार घाईत सांगतो. आज जरा सावकाश बघूया.

तेरचा कुंभार

तेर हे गाव धाराशिव शहरापासून तीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी आहे. वारकरी परंपरेत त्याला सत्यपुरी म्हणतात. गाव आज लहान दिसतं, पण फार जुनं. त्याचं प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या ग्रंथात पैठणच्या जोडीने तगरचं नाव येतं. इथला माल गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या जुन्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय गावात आहे. तिथली भाजलेल्या मातीची भांडी आणि मूर्ती बघितल्या की कळतं, गोरोबांच्या हजार-बाराशे वर्षं आधीपासून या गावात कोणीतरी माती तुडवत होतं.

परंपरेनुसार 1267 साली माधवबुवा आणि रखुमाई या कुंभार दांपत्याच्या पोटी गोरोबांचा जन्म झाला. आख्यायिका अशी की त्यांच्या आधीची मुलं जगली नाहीत, आणि हे मूल विठ्ठलाने गोरीतून, म्हणजे पुरलेल्या जागेतून, परत आणून दिलं म्हणून त्याचं नाव गोरा. मूल गमावणं म्हणजे काय, हे त्या घराला गोरोबांच्या जन्माआधीच ठाऊक होतं.

कुंभाराचं काम बघितलंय का कधी? आधी माती आणायची, चाळायची, भिजवायची. त्यात राख आणि लीद मिसळायची. मग पायांनी तुडवायची, तासन् तास, एकही खडा राहू नये आणि सगळा गोळा एकजीव व्हावा म्हणून. त्यानंतर चाक. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं सुकलं की आतून एका हाताने गोल दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून त्याला आकार द्यायचा. मग वाळवायचं आणि शेवटी आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजायचं. या सगळ्यात पाय लागतात, पण खरा धंदा हातांचा. हात नसलेला कुंभार म्हणजे रोजगार गेलेला माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोरोबांच्या काळात ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई, सावता माळी, चोखामेळा असा सगळा मेळा होता. त्या मेळ्यात ते वडीलधारे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे. गंमत बघा. ज्ञानेश्वरांची समाधी 1296 सालची. म्हणजे माउलींनी ज्यांना काका म्हटलं त्या गोरोबांचं वय तेव्हा तिशीच्या आतलं होतं. पांढऱ्या दाढीचे गोरोबा चित्रात बघायची आपल्याला सवय आहे, पण हे सगळं आपल्या वयाच्या माणसाच्या आयुष्यात घडतंय असं समजून पुढे वाचा.

चिखलातली दुपार

मी इथे जी गोष्ट सांगतोय ती महिपतींच्या भक्तविजयातून आणि कीर्तनांतून आपल्यापर्यंत आलेली आहे. भक्तविजय 1762 सालचा, म्हणजे गोरोबांनंतर साडेचारशे वर्षांनी लिहिलेला. अक्षरशः असंच घडलं का, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला पडू द्या. साडेचारशे वर्षं लोकांनी ही गोष्ट टाकून दिली नाही, आणि तिच्यातला एकही टोचणारा भाग गाळला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोरोबांची बायको संती पाण्याला गेली होती. जाताना रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून नवऱ्याला सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवत होते. डोळे मिटलेले, मुखात विठ्ठलाचं नाव, देहभान हरपलेलं. मूल बापाकडे रांगत आलं, आळ्यात उतरलं, आणि बापाच्या पायाखाली आलं. बापाला कळलंही नाही.

संती घागर घेऊन आली. मूल दिसेना. आळ्याकडे बघितलं तर माती लाल झालेली. तिने हंबरडा फोडला. नवऱ्याला बोलली, आणि विठ्ठलालाही बोलली. ज्या देवाच्या नादात पोटचं पोर गेलं तो देव तिला त्या क्षणी देव वाटला नाही. गोरोबा भानावर आले ते मुलाच्या मरणाने नाही, तर देवाला दिलेल्या शिव्यांनी. ते चिडले आणि तिला मारायला धावले.

कीर्तनात इथे बहुतेक वेळा गोरोबांच्या तल्लीनतेचं कौतुक होतं. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. एका आईचं मूल गेलंय. ज्याच्या पायाखाली गेलं तोच माणूस तिच्यावर हात उगारतोय. त्या घरात, त्या काळात, तिच्या बाजूने उभं राहणारं कोणी नाही. तिच्याकडे एकच गोष्ट आहे, नवऱ्याच्या देवाचं नाव. तिने तेच वापरलं. यापुढे मला हात लावाल तर तुम्हाला विठ्ठलाची शपथ, असं ती म्हणाली.

आणि उगारलेला हात हवेतच थांबला.

पुढची सगळी गोष्ट या शपथेवर उभी आहे. देवाचा लाडका भक्त एका बाजूला, आणि नुकतीच देवाला शिव्या देऊन बसलेली बाई दुसऱ्या बाजूला. देव लाडक्यांची बाजू घेणारा असता तर शपथ वाया गेली असती. पण विठ्ठलाचं नाव संतीच्या तोंडून आलं तरी तितकंच चाललं. किंबहुना भक्ताच्याच विरुद्ध चाललं. आजच्या श्लोकाचा पहिला अर्धा भाग हाच आहे. नावडतं कोणी नाही, लाडकं कोणी नाही. दुखावलेल्या माणसाने त्याच्या नावाची आण घातली, तर ती आण समोर भक्त आहे म्हणून ढिली पडत नाही.

संतीला शिव्यांबद्दल शिक्षा झाली का? अख्ख्या गोष्टीत कुठेही नाही. आईच्या आक्रोशाचा हिशोब देव अपराधात धरत नाही.

समान वाटणी

गोरोबांनी शपथ पाळली. एका घरात राहून दोघं नदीच्या दोन काठांसारखे राहू लागले. दिवस गेले, महिने गेले. संतीचा राग ओसरला, पण शपथ काही उठेना. ती मोडायला गोरोबा तयार नव्हते. वंश बुडणार म्हणून संती घाबरली. तिने माहेरी जाऊन वडिलांना गळ घातली आणि धाकटी बहीण रामी हिचं लग्न गोरोबांशी लावून दिलं. निघताना सासऱ्यांनी जावयाला बजावलं, दोघींना सारखं वागवा, भेद करू नका, तुम्हाला विठ्ठलाची आण आहे.

बापाचं बोलणं किती साधं होतं! धाकटी आली म्हणून थोरलीला टाकू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण गोरोबांनी ते शब्दशः घेतलं. थोरलीला हात लावायचा नाही अशी शपथ आहे, आणि दोघींना सारखं वागवायचं अशी दुसरी शपथ आहे. म्हणजे धाकटीलाही हात लावायचा नाही. हिशोब बरोबर, उत्तर चोख, आणि घर उद्ध्वस्त.

रामीचा विचार करून बघा. तिने काय केलं होतं? ती ना पाण्याला गेली होती, ना आळ्यात उतरली होती, ना कुणाला बोलली होती. तरी शिक्षेत तीही आली. आणि तरीही नियम तंतोतंत पाळला गेला होता. दोघींना सारखंच मिळत होतं. शून्य आणि शून्य. शून्याचीही समान वाटणी होते, आणि तिच्यावर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही.

असा न्याय आपण रोज बघतो. आमच्या भागात भावाभावांत जमिनीची वाटणी होते. तलाठ्याकडे नोंद होते, बांध घातला जातो, विहिरीच्या पाळ्या ठरतात, सगळं अगदी काटेकोर. मग आईची वाटणी होते. सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. एकही दिवस कमी-जास्त नाही. आणि त्या बारा महिन्यांत तिचं स्वतःचं घर म्हणून एकही जागा उरत नाही. दोघांनी समान दिलं, आणि दोघांनी काहीच दिलं नाही. ऑफिसातही हेच. मॅनेजर सगळ्यांशी सारखं वागतो असं आपण कौतुकाने म्हणतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की तो कोणाचंच ऐकून घेत नाही.

माणसाचा न्याय इथपर्यंत येऊन थांबू शकतो. तो बरोबर असू शकतो आणि तरी त्यात कोणालाच काही मिळत नाही.

हात

एका रात्री दोघी बहिणींनी ठरवलं. गोरोबा झोपल्यावर एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला झोपली, आणि त्यांचे हात आपापल्या अंगावर ठेवून घेतले. पहाटे जाग आल्यावर गोरोबांच्या लक्षात आलं की शपथ मोडली. चूक हातांकडून झाली म्हणून त्यांनी दोन्ही हात तोडून टाकले.

हे वाचताना तुम्हाला त्रास होत असेल तर तो व्हायलाच हवा. याचं कौतुक करण्यासारखं मला काही दिसत नाही, आणि कोणीही स्वतःला इजा करून देव मिळवावा असं ही गोष्ट सांगतच नाही. देवाने हे हात मागितले नव्हते. ते मागितले होते गोरोबांच्या स्वतःच्या हिशोबाने. त्यांच्या आतला न्यायाधीश इतका कडक होता की त्याला माफी हा शब्दच ठाऊक नव्हता. मुलावर पाय पडल्यापासून तो न्यायाधीश त्यांच्या आत बसून होता असं मला वाटतं. शपथ इतकी जिवापाड पाळण्यामागे केवळ भक्ती नसावी. बापाचं न बोललेलं दुःखही असावं. बाहेरून कोणी शिक्षा दिली नाही की काही माणसं ती स्वतःच स्वतःला देत बसतात, वर्षानुवर्षं, थोडी थोडी.

आता देवाने काय केलं ते बघा.

विठू कुंभार

हात गेले म्हणजे धंदा गेला. चाक बंद, आवा थंड. अशा वेळी तेरमध्ये एक कुंभार जोडपं आलं. सोबत एक गाढव. काम मागू लागलं. नाव विचारलं तर विठू. तो विठ्ठल, सोबत रुक्मिणी, आणि गाढव झालेला गरुड. विठू गोरोबांच्या घरी राबू लागला. माती आणू लागला, चिखल तुडवू लागला, मडकी घडवून बाजारात विकू लागला, आणि पैसे घरात देऊ लागला.

मला अख्ख्या गोष्टीत हा भाग सर्वांत जास्त आवडतो. देवाने आल्या आल्या हात जोडून दिले नाहीत. मूल परत दिलं नाही. कोणाची चूक किती, हे सांगितलं नाही. गोरोबांना उपदेश केला नाही, संतीला जाब विचारला नाही. त्या घरात जे काम अडलं होतं ते त्याने हातात घेतलं. आणि ज्या आळ्यात मूल गेलं होतं, त्याच आळ्यात उतरून त्याने आपल्या पायांनी माती तुडवली.

आपण देवाकडे आधी स्पष्टीकरण मागतो. असं का झालं, माझ्याच वाट्याला का, कुठल्या जन्माचं पाप? विठू कुंभार यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो ओळखही देत नाही. दया कधी कधी इतक्या साध्या वेशात येते की आपण तिला मजुरी देऊन मोकळे होतो.

गरुडपारावरचं कीर्तन

आषाढी आली. गोरोबा दोघी बायकांना घेऊन पंढरीला गेले. गरुडपारावर नामदेवांचं कीर्तन चाललं होतं. नामदेवांनी सगळ्यांना हात वर करून टाळ्या वाजवायला आणि विठ्ठलनाम घ्यायला सांगितलं. गोरोबांनीही वर केले. हात नव्हते, खांदेच वर गेले. आणि नामाच्या गजरात त्या खांद्यांना हात फुटले.

बघा, हात कशासाठी परत आले? टाळी वाजवायला. सगळ्यांच्या मध्ये, सगळ्यांबरोबर. एकांतात हिशोब करून तोडलेले हात लोकांच्या मेळ्यात परत मिळाले.

पण गोष्ट इथे संपत नाही, संपली असती तर ती अन्यायाची झाली असती. भक्ताचे हात आले, आईचं काय? संतीने विठ्ठलाकडे पदर पसरला. ज्याला तिने शिव्या दिल्या होत्या त्याच्याकडेच. आणि कीर्तनाच्या गर्दीतून तिचं मूल रांगत तिच्याकडे आलं. मग देवाने ती जुनी शपथही उठवली, आणि दोघींना सारखंच वागव म्हणून गोरोबांना सांगितलं.

सासऱ्यांनी घातलेली अट तीच होती. शब्दही जवळपास तेच. पण गोरोबांनी ती पाळली तेव्हा दोघींच्या वाट्याला शून्य आलं, आणि देवाने ती पाळायला लावली तेव्हा दोघींच्या वाट्याला संसार आला. गीतेच्या श्लोकातले दोन अर्धे भाग इथे मला जुळतात. देव सगळ्यांना सारखं देतो, पण सारखं कमी करून नाही, सारखं पूर्ण करून. त्याच्याकडे दया ही न्यायातून दिलेली सूट नाही. न्याय जिथे बरोबर असूनही रिकामा राहतो, तिथे तो भरण्याचं काम दया करते.

कच्चं मडकं

गोरोबांची दुसरी गोष्ट यालाच जोडून बघण्यासारखी आहे. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी थापटणं बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते कळण्यासाठी, असं काकांनी सांगितलं. मग आम्हालाही तपासा, असं मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत तपासलं. सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, त्यांच्या डोक्यावर थापटणं? काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे.

नामदेव रागावून पंढरीला गेले आणि विठ्ठलाकडे तक्रार केली. विठ्ठलाने लाडक्याची बाजू घेतली नाही. त्याने निकाल कायम ठेवला आणि गुरू करायला सांगितलं. नामदेव विसोबा खेचरांकडे, औंढ्या नागनाथाला गेले. पुढचे नामदेव आपल्याला माहीत आहेत, पार पंजाबपर्यंत पोचलेले, ज्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

कुंभार जेव्हा मडकं कच्चं म्हणतो तेव्हा तो त्याला फोडून टाकत नाही. कच्चं म्हणजे वाया गेलेलं नाही, कच्चं म्हणजे अजून आव्यात जायचं बाकी असलेलं. निकाल खरा असतो, त्यात भिडेखातर फरक होत नाही. पण निकाल हा शेवट नसतो. हात तोडणाऱ्या गोरोबांना जे स्वतःच्या बाबतीत जमलं नाही, ते नामदेवांच्या बाबतीत जमलं. दोष दाखवला, आणि पुढचा रस्ताही उघडा ठेवला.

परंपरेनुसार 1317 साली, शके 1239 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, गोरोबाकाकांनी तेरलाच देह ठेवला. तेरणेच्या काठी त्यांचं समाधिमंदिर आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. त्यांच्या नावावरचे अभंग थोडेच, वीसेक. पण गोष्ट लांबवर पोचली. 1974 साली कन्नडमध्ये राजकुमार यांनी भक्त कुंबार या चित्रपटात गोरोबा साकारले, तेलुगूतही त्यांच्यावर चित्रपट निघाला. आमच्या जिल्ह्यातला एक कुंभार, आणि त्याच्यासाठी रडणारी माणसं ज्यांना मराठी येतही नाही.

आपल्या आळ्यात

आता एक अवघड गोष्ट. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या बाजूची सास्तूरसारखी गावंही त्यात गेली. 52 गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं झोपेतच गेली. मी तेव्हा लहान होतो, पण त्या पहाटेच्या गोष्टी ऐकत आमची पिढी मोठी झाली. आणि त्या गोष्टींबरोबर एक वाक्यही नेहमी कानावर यायचं, की पाप वाढलं म्हणून झालं.

कोणाचं पाप? दगड-मातीच्या भिंतीखाली झोपलेल्या लेकरांचं? गणपती पोचवून दमून आलेल्या माणसांचं?

गोरोबांची गोष्ट हे वाक्य मान्य करत नाही. तिथे मूल कोणाच्याही पापाने जात नाही. बाप नाम घेत होता, आई पाणी भरत होती, मूल बापाकडे निघालं होतं. तिघांपैकी एकाचंही मन वाईट नव्हतं. तरी माती लाल झाली. गोष्ट हे लपवत नाही आणि त्याचं कारणही शोधत बसत नाही. ती थेट पुढच्या प्रश्नावर जाते, आता आळ्यात उतरणार कोण? 1993 साली त्या ढिगाऱ्यांत कुठून कुठून माणसं आली, नावगाव न सांगता दगड उपसत राहिली. त्यांच्यातल्या कितीजणांचं नाव विठू असेल, कोण सांगणार?

आणि मूल परत आलं, तसं सगळ्यांचं येत नाही. हे मला माहीत आहे, तुम्हालाही. ज्यांचं नाही आलं त्यांना ही गोष्ट सांगताना गरुडपारापासून सुरुवात करू नका. विठू कुंभारापासून करा. ज्या घरात दुःख झालंय तिथे कर्मसिद्धांत घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा. अडलेलं काम विचारा. दवाखान्याची फाइल हातात घ्या, पोराला शाळेत सोडा, गॅसचा नंबर लावा. आणि ते माणूस देवाला दोन शब्द वाईट बोललं तर त्याला अडवू नका. विठ्ठलाने संतीला अडवलं नव्हतं.

आणि तुमच्यातलं कोणी गोरोबांसारखं असेल, जुन्या एखाद्या गोष्टीसाठी स्वतःलाच रोज थोडं थोडं तोडत असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं. जो न्यायाधीश तुम्हाला ही शिक्षा देतोय तो देव नाही. देव तुमच्या अंगणात माती तुडवतोय. त्याने तुमचे हात मागितलेले नाहीत. आणि हे ओझं एकट्याने सहन होत नसेल तर घरच्या माणसाशी, मित्राशी, डॉक्टरांशी बोला. गोरोबांनाही हात मेळ्यातच परत मिळाले.

आज झोपण्याआधी नवव्या अध्यायातला हा श्लोक एकदा सावकाश वाचा. आणि मग असं एक नातं आठवा, जिथे तुम्ही अगदी रास्त वागताय, कोणी बोट दाखवू शकत नाही, आणि तरी समोरच्या माणसाच्या हातात काहीच पडत नाहीये. तिथे उद्या एक फोन करा.

गोरोबाकाका महाराज की जय. राम कृष्ण हरी.